साहेबांना ताण कोण देतं?

जुलै 2024 मध्ये पुण्यात एका जागतिक लेखापरीक्षण संस्थेत काम करणाऱ्या 26 वर्षांच्या चार्टर्ड अकाउंटंट तरुणीचा मृत्यू झाला. नोकरीला लागून तिला जेमतेम चार महिने झाले होते. सप्टेंबरात तिच्या आईने संस्थेच्या भारतातल्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. रात्री उशिरा सोपवली जाणारी कामं आणि हातचे गेलेले शनिवार-रविवार त्या पत्रात होतेच. पण वाचणाऱ्यांना सर्वांत जास्त बोचली ती दुसरी गोष्ट: अंत्यविधीला कार्यालयातून एकही माणूस आला नव्हता.

त्यानंतर वर्षभराने, जुलै 2025 मध्ये, बारामतीतल्या एका बँकेच्या शाखेत मुख्य व्यवस्थापकाने आयुष्य संपवलं. काही दिवस आधीच त्यांनी राजीनामा दिला होता. नोटीस पिरियड चालू होता. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत कामाच्या दबावाचा उल्लेख होता आणि कर्मचाऱ्यांवर असा दबाव टाकू नका, अशी बँकेला विनंती होती, असं तेव्हा वृत्तपत्रांनी छापलं.

पहिल्या घटनेनंतर समाजमाध्यमांवर निकाल लगेच लागला होता. दोष साहेबांचा, वरिष्ठांचा, ‘टॉक्सिक बॉस’चा. दुसऱ्या घटनेने तो सोपा निकाल अडचणीत आणला, कारण या वेळी गेलेला माणूस स्वतःच साहेब होता. त्याच्या केबिनच्या दारावर त्याच्या नावाची पाटी होती, हाताखाली माणसं होती, सही करण्याचे अधिकार होते. एखाद्या मृत्यूचं नेमकं कारण काय, हे बाहेरून ठरवण्याचा अधिकार कुणाला नाही, आणि या दोन्ही घटनांत तो मोह टाळायलाच हवा. मात्र दोन्ही बातम्या शेजारी ठेवल्या की कार्यालयीन ताणाबद्दलची आपली नेहमीची मांडणी अपुरी पडते. ताण देणारा आणि ताण सोसणारा अशा दोन जाती नसतात. बहुतेक कार्यालयांत तो एकच माणूस असतो. सकाळी व्हिडिओ कॉन्फरन्सवर, म्हणजे व्हीसीवर, ऐकतो आणि दुपारी शाखेत ऐकवतो.

मग वरिष्ठाचं वागणं हा स्वभावाचा प्रश्न मानायचा की हिशोबाचा? आपल्याकडे पहिलं मानण्याची रीत आहे. अमुक साहेब तापट, तमुक मॅडम समजूतदार, आपलं नशीब. प्रस्तुत लेखाचं म्हणणं असं, की वरिष्ठ कसा वागतो हे बरंचसं त्याला कशाचे गुण मिळतात यावर ठरतं, आणि गुण देणारे लोक या चर्चेतून कायम सुटतात.

आधी एक जुना गैरसमज दूर करायला हवा. जितकं पद मोठं तितका ताण मोठा, असं मोठ्या पदावरची माणसं आवडीने सांगतात. 1967 पासून लंडनमध्ये सुमारे अठरा हजार ब्रिटिश सरकारी नोकरांची पाहणी झाली, तेव्हा उलटं चित्र पुढे आलं. सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचं मृत्यूचं प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघालं. यांतला कुणी उपाशी नव्हता, बेघर नव्हता. सगळे पगारी, निवृत्तिवेतन मिळणारे, पांढरपेशे. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशोब वजा केल्यावरही मोठा फरक शिल्लक राहिला. 1985 मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत, स्त्रियांनाही सामावून घेत, दहा हजारांवर कर्मचारी तपासले गेले आणि उत्तराचा एक महत्त्वाचा धागा हाती आला. आपल्या कामावर आपलं कितपत चालतं, हा तो धागा. ज्यांचं चालत नाही त्यांचं हृदय लवकर थकतं.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कारासेक यांनी 1979 मध्येच हे सूत्र मांडलं होतं. नुसतं काम जास्त असण्याने माणूस मोडत नाही. काम जास्त आणि त्यात त्याच्या शब्दाला किंमत शून्य, ही जोडी त्याला मोडते. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर दहा तास उभा राहतो, पण कुठे काप द्यायचा ते तो ठरवतो. कॉल सेंटरमधल्या मुलाने कोणतं वाक्य कोणत्या क्रमाने बोलायचं आणि स्वच्छतागृहात किती मिनिटं जायचं, हेही पडद्यावरून ठरतं.

आता या सूत्रात मधला व्यवस्थापक बसवून पाहा. कागदोपत्री अधिकार त्याचा, प्रत्यक्षात आकडा वरून आलेला. शाखा व्यवस्थापकाला ठेवी किती आणायच्या, किती विमा पॉलिसी विकायच्या, थकीत कर्जाची वसुली किती दाखवायची हे क्षेत्रीय कार्यालय सांगतं. त्या गावात ऊस लागला की गेला, बाजार समिती चालू की बंद, शाखेत क्लार्कच्या किती जागा रिकाम्या, हे आकड्याला ठाऊक नसतं. संध्याकाळी व्हीसी लागते. पडद्यावर वीस-पंचवीस शाखांचे चेहरे, आणि ज्याचा आकडा सर्वांत खाली त्याला सगळ्यांसमोर उभं केलं जातं. ‘लॉगिन डे’ला, म्हणजे विक्रीमोहिमेच्या दिवशी, तर दर तासाला व्हॉट्सॲप ग्रुपवर किती झालं ते टाकायचं. जून 2023 मध्ये कोलकात्यातल्या एका खासगी बँकेच्या अधिकाऱ्याचा कनिष्ठांवर ओरडतानाचा व्हिडिओ फिरला, तेव्हा बँकेने त्याला निलंबित केलं. योग्यच केलं. तो ज्या आकड्यासाठी ओरडत होता, तो आकडा ज्यांनी ठरवला त्यांची चौकशी मात्र कुठे बातमीत आली नाही.

गॅलप ही सर्वेक्षण संस्था गेली काही वर्षं सांगते आहे, की एका चमूचा उत्साह दुसऱ्यापेक्षा वेगळा असतो त्या फरकातला निदान 70 टक्के वाटा त्यांच्या व्यवस्थापकाचा. गॅलपचा धंदा सल्ला विकण्याचा असल्याने आकडा जरा चिमटीतच धरावा. त्याच संस्थेच्या 2025 च्या जागतिक अहवालातली दुसरी नोंद कमी चर्चिली गेली. 2024 या एका वर्षात कामात मनापासून गुंतलेल्या व्यवस्थापकांचं प्रमाण 30 टक्क्यांवरून 27 वर घसरलं. हाताखालच्या कर्मचाऱ्यांचं 18 टक्क्यांवर स्थिर राहिलं. ज्याच्यावर इतरांचा उत्साह अवलंबून आहे असं मानायचं, त्याचाच उत्साह सर्वांत वेगाने ओसरतो आहे.

आणि तो ओसरला की खाली काय पोचतं? क्रिस्टोफर बार्न्स आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास यासाठी वाचण्याजोगा आहे. त्यांनी वरिष्ठांच्या झोपेची आणि दुसऱ्या दिवशीच्या वागण्याची रोजच्या रोज नोंद ठेवली. ज्या रात्री वरिष्ठाला झोप नीट लागली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा कनिष्ठांवरचा चिडका, अपमान करणारा व्यवहार वाढला आणि त्या दिवशी चमूचं कामातलं लक्षही उतरलं. झोपेचे तास किती यापेक्षा ती कितपत शांत लागली, याला महत्त्व होतं. म्हणजे मध्यरात्रीपर्यंत व्हॉट्सॲपवर जाब विचारला गेलेला क्षेत्रीय अधिकारी दुसऱ्या दिवशी जे बोलतो, ते अर्धं त्याचं नसतंच. यातून त्याला माफी मिळत नाही, पण चौकशी एक पायरी वर न्यावी लागते.

ती पायरी एका देशाने खरोखर चढून दाखवली. फ्रान्स टेलिकॉम ही फ्रान्सची जुनी सरकारी दूरध्वनी कंपनी, आजची ऑरेंज. 2004 मध्ये तिच्यातला सरकारचा वाटा निम्म्याखाली आला. कंपनीवर कर्जाचा डोंगर, बाजारात मोबाइलची चढाओढ, आणि लाखाच्या वर कर्मचाऱ्यांतले बहुतेक सरकारी नोकरीचं संरक्षण असलेले. त्यांना काढता येत नव्हतं. प्रमुख दिदिये लोम्बार यांच्या व्यवस्थापनाने 2006 पासून तीन वर्षांत 22 हजार माणसं कमी करण्याचं आणि आणखी दहा हजारांची बदली करण्याचं ठरवलं. काढता येत नाही तर जावंसं वाटायला लावायचं, असा मार्ग निघाला. लोक खिडकीतून जावोत की दारातून, पण आपण ते घडवूच, या आशयाचं लोम्बार यांचं 2006 मधल्या बैठकीतलं बोलणं पुढे खटल्यात गाजलं. तीस वर्षं तारा जोडणाऱ्या तंत्रज्ञाला कॉल सेंटरमध्ये बसवणं, घरापासून दूर बदली, पुन्हा बदली, काम काढून घेऊन नुसतं बसवून ठेवणं, असे प्रकार चालले.

मधल्या फळीचं काय केलं, ते या प्रकरणात सर्वांत शिकण्यासारखं आहे. व्यवस्थापकांना त्यासाठी रीतसर प्रशिक्षण दिलं गेलं. मरणासन्न रुग्णांच्या मनोवस्थेवरून तयार झालेला, नकारापासून स्वीकारापर्यंत जाणारा दुःखाचा आलेख त्यांना दाखवला गेला. नोकरी सोडायला लावलेला माणूस कोणत्या टप्प्यांतून जाईल ते कळावं म्हणून. आणि त्यांच्या पगारातल्या बदलत्या हिश्शाचा एक भाग, किती माणसं गेली यावर ठरवला गेला. हे व्यवस्थापक दुष्ट म्हणून निवडलेले नव्हते. कालपर्यंत ते याच लोकांबरोबर कॉफी पीत होते. कंपनीने त्यांच्या वागण्याला भाव लावला आणि तसं वागणं मिळालं.

न्यायालयाने 39 जणांची प्रकरणं तपासली. त्यांत 19 आत्महत्या आणि 12 आत्महत्येचे प्रयत्न होते. डिसेंबर 2019 मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने लोम्बार, त्यांचे उपप्रमुख आणि मनुष्यबळ विभागाचे प्रमुख यांना दोषी ठरवलं. कंपनीला 75 हजार युरो दंड झाला. दंडाची रक्कम त्या कंपनीसाठी चहापाण्याची. अपिलात 2022 मध्ये शिक्षा सौम्य झाल्या, पण दोष कायम राहिला, आणि जानेवारी 2025 मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने मूळ तत्त्वावर शिक्कामोर्तब केलं. एखाद्या संस्थेचं धोरणच छळ ठरू शकतं, आणि ते ठरवणाऱ्यांनी पीडिताला कधी पाहिलेलंही नसलं तरी ते गुन्हेगार ठरू शकतात, असं ते तत्त्व. समोर बसून ओरडणारा माणूस शोधण्याच्या नादात आपण ज्याला हात लावत नाही, तो दुवा फ्रान्सने पकडला.

आपल्याकडे सध्या काय चालतं? कल्याण सप्ताह. शुक्रवारी दुपारी ध्यानाचं सत्र, एक ॲप, समुपदेशनाचा मोफत क्रमांक, कँटीनमध्ये फळं. योगाला किंवा ध्यानाला इथे दोष द्यायचा नाही. घरी केलं तर त्याचं भलंच आहे. प्रश्न कंपनी ते कशाऐवजी देते हा आहे. ऑक्सफर्डचे विल्यम फ्लेमिंग यांनी 2024 मध्ये ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46 हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. ध्यान, ताण-व्यवस्थापनाचे वर्ग, कल्याणाची ॲप यांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्वास्थ्यात काही फरक दिसला नाही. थोडा फायदा दिसला तो फक्त स्वयंसेवी, धर्मादाय कामाची संधी मिळालेल्यांना. कामाची मांडणी तशीच ठेवून माणसालाच टणक करण्याचा उद्योग फसतो, असा त्याचा सरळ अर्थ.

तासांचा वादही याच मांडणीत बघायला हवा. ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं असं सुचवलं. जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीचे एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं 90 तासांचं वक्तव्य बाहेर आलं, त्यात रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार अशी पुस्तीही होती. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 मध्ये मांडलेला हिशोब असा: आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त. 2016 या एका वर्षात अशा लांब तासांमुळे जगात सुमारे 7 लाख 45 हजार मृत्यू झाले. संस्थापकाचे 90 तास त्याच्या स्वतःच्या मर्जीचे असतात आणि भागभांडवलही त्याचंच असतं. त्याच्याच कंपनीतल्या तिसऱ्या श्रेणीतल्या अभियंत्याचे 90 तास दुसऱ्याच्या मर्जीचे. कारासेक यांचं सूत्र या दोघांना एका तराजूत तोलू देत नाही.

रविवारची सुट्टी ही आपल्याकडे आभाळातून पडलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये कामगारांना एकत्र करून साप्ताहिक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, ठरलेल्या तारखेच्या आत पगार अशा मागण्या मांडल्या. रविवार हाती यायला जून 1890 उजाडला. गिरणीमालकांचं तेव्हाचं म्हणणं आजच्यासारखंच होतं: धंदा बुडेल, स्पर्धेत टिकणार नाही. गिरण्या पुढे बंद पडल्या खऱ्या, पण रविवारमुळे पडल्या असं त्यांच्या मालकांनीही कधी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

कायद्याची आजची गोष्ट मात्र विचित्र आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली, जादा कामाला दुप्पट वेतन ठेवलं. पण गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय स्वरूपाच्या पदांवरची माणसं त्यातून वगळली. म्हणून पदोन्नतीचं पत्र हे पुष्कळदा संरक्षण काढून घेणारं पत्र असतं. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात तर पंचविशीतल्या मुलालाही ‘असिस्टंट मॅनेजर’ ही पदवी सढळ हाताने मिळते. पुण्यातल्या त्या घटनेनंतर कामगार खात्याचे अधिकारी पाहणीला गेले, तेव्हा त्या कार्यालयाची या कायद्याखाली नोंदणीच नसल्याचं पुढे आलं. आणि सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा 9 वरून 10 तासांवर नेण्यास मंजुरी दिली. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं विधेयक बारामतीच्याच खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत मांडलं, 2025 च्या डिसेंबरात पुन्हा मांडलं. ते खासगी विधेयक आहे, आणि 1970 नंतर आपल्या संसदेत एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही. फ्रान्सने हा हक्क 2017 पासून आणि ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट 2024 पासून दिला आहे.

मग वरिष्ठाच्या हातात काहीच नाही का? आहे, आणि त्याचं एक उदाहरण याच राज्यातलं, तेही सर्वांत कडक उतरंडीच्या खात्यातलं आहे. मुंबई पोलिसांची बारा-बारा तासांची ड्युटी हा कायमचा नियम मानला जात होता. देवनार पोलिस ठाण्यातल्या एका साध्या कर्मचाऱ्याने आहे त्याच मनुष्यबळात आठ तासांच्या पाळ्या कशा बसवता येतील याचा तक्ता तयार केला. तेव्हाचे पोलिस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो केराच्या टोपलीत न टाकता वाचला आणि मे 2016 मध्ये देवनारलाच प्रयोग सुरू केला. मग तो इतर ठाण्यांत गेला. पुढे ही पद्धत सगळीकडे सारखी टिकली नाही, कारण आयुक्त बदलतात, बंदोबस्त वाढतात आणि रिकाम्या जागा तशाच राहतात. तरी या घटनेतली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आयुक्तांनी शिपायांसाठी व्याख्यान ठेवलं नाही. कामाचा तक्ता बदलला, आणि तोही तो तक्ता रोज जगणाऱ्याच्या सांगण्यावरून.

बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपमध्ये हार्वर्डच्या लेस्ली पर्लो यांनी केलेला प्रयोगही याच जातीचा. आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ प्रत्येक सल्लागाराने पूर्ण मोकळी ठेवायचीच, फोनही बघायचा नाही. सुरुवातीला विरोध सल्लागारांचाच, आपली बढती जाईल म्हणून. पण एक माणूस एक संध्याकाळ नसणार हे ठरल्यावर चमूला एकमेकांच्या कामाबद्दल आधी बोलावं लागलं आणि बिनकामाची कामं उघडी पडली. 2009 मध्ये पर्लो यांनी लिहिलं, की हे चमू कामावर अधिक समाधानी होते आणि ग्राहकांना मिळणारं कामही सुधारलं.

यावर एक आक्षेप हमखास येतो. आकडाच मागितला नाही तर बँक चालायची कशी, प्रकल्प पुरा व्हायचा कसा? आकडा मागावाच. पण शाखा व्यवस्थापकाला विचारायच्या आकड्यांत आणखी दोन-तीन घालायला कुणाची हरकत असू नये: वर्षभरात त्याच्या हाताखालून किती जण गेले, किती जणांची हक्काची रजा नाकारली गेली, आणि त्याच्या वरच्याने रात्री नऊनंतर त्याला किती संदेश पाठवले. शेवटचा आकडा क्षेत्रीय अधिकाऱ्याच्या अप्रेझलमध्ये जायला हवा. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेने 2004 मध्येच मालकांसाठी तपासणीचे सहा मुद्दे घालून दिले: कामाचा बोजा, कामावरचं नियंत्रण, आधार, परस्परसंबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदल कसे केले जातात. त्यांत कर्मचाऱ्याची सहनशक्ती हा मुद्दा नाही.

भारतातल्या पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना सेबीच्या नियमानुसार 2022-23 पासून शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो. किती कर्मचारी सोडून गेले, याचं प्रमाण त्यात छापलेलं असतं. ते पूर्ण कंपनीचं सरासरी प्रमाण असतं. कोणत्या विभागात कोणाच्या हाताखालून माणसं पळताहेत, हे सरासरीत बुजून जातं. या कंपन्यांचे समभाग मराठी मध्यमवर्गाच्या डिमॅट खात्यांत आणि म्युच्युअल फंडांत आहेत. ज्या कंपनीत आपला मुलगा किंवा सून रात्री अकराला लॅपटॉप उघडून बसते, तिचा लाभांश आपल्याच खात्यात येत असेल, हेही अशक्य नाही. आता वार्षिक सर्वसाधारण सभा ऑनलाइन भरतात आणि भागधारकाला प्रश्न विचारण्यासाठी आधी नाव नोंदवता येतं. विभागवार गळतीचा आकडा आणि संचालकांच्या बोनसशी त्याचा काही संबंध जोडला आहे का, हे दोन प्रश्न पुढच्या सभेत विचारून पाहा.